पुण्यात जन्मलेला छोटा हत्ती पंतनगरला का गेला? सोलापुरातून पाहिलेलं एक प्रकरण

पुणे-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या ९ नंबरच्या आणि आताच्या ६५ नंबरच्या रस्त्यावर, सोलापूर साधारण मधोमध येतं. पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर पिंपरी-चिंचवड. तिथे २००५ साली टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी, लोकांच्या तोंडी ‘छोटा हत्ती’, तयार होऊ लागली. पूर्वेला दोनशेएक किलोमीटरवर झहीराबाद. तिथे महिंद्राचा कारखाना आहे आणि एसची प्रतिस्पर्धी जीतो तिथेच बनते. दोन्हीकडे गाड्यांचे कारखाने, मध्ये आपण. तरीही सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीच्या तोंडाशी टॉवेलच्या गाठी भरत उभा असलेला छोटा हत्ती बहुतेक वेळा उत्तराखंडातल्या पंतनगरहून, दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर तोडून आलेला असतो.

या गाडीची कल्पना पुण्यातली, इंजिन पुण्यातलं, सुटे भाग पुरवणारेही बहुतेक पुण्याच्या आसपासचे. मग तिच्यासाठी उभारलेला खास कारखाना हिमालयाच्या पायथ्याशी का गेला, आणि ज्या सवलतीसाठी गेला ती संपल्यावर तो तिथेच का राहिला, हे या प्रकरणाचे दोन प्रश्न. गिरण्यांची धुराडी पाहत वाढलेल्या शहराला त्यात रस असायलाच हवा. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. तेव्हापासून ‘सोलापूरला एखादा मोठा प्रकल्प आला पाहिजे’ हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. प्रकल्प येतो तो कशाला भुलून आणि टिकतो तो कशामुळे, याचं या छोट्या गाडीइतकं स्वच्छ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

गाडी आली कुठून

२०००-०१ हे वर्ष टेल्कोसाठी वाईट गेलं. मोठ्या ट्रकची मागणी आटली आणि कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. (टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं ते २००३ मध्ये.) मोठा ट्रक ही चढउताराची वस्तू आहे: अर्थव्यवस्था शिंकली की त्याची विक्री आधी पडते. त्यामुळे व्यावसायिक वाहनांचे तेव्हाचे प्रमुख रवी कांत यांच्या काळात कंपनी खालच्या बाजूला पाहू लागली. खाली होती मालवाहू तीनचाकी: बजाजची, आणि बारामतीत बनणारी पियाजिओची आपे. वर होता टाटांचाच, १९८६ पासून चालत आलेला ४०७ हा ट्रक. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती.

ती जागा भरण्याचं काम गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीकडे गेलं. तुकडी गाडीचा आराखडा काढण्याआधी तीनचाकी चालवणाऱ्यांना भेटत फिरली. त्यातला एक किस्सा या गाडीच्या जन्मकथेत नेहमी सांगितला जातो: एका चालकाचं म्हणणं होतं की तीनाऐवजी चार चाकं असती तर गावात लग्नासाठी स्थळं बरी आली असती. किस्सा गोड आहे, पण त्यामागची माहिती कोरडी आणि महत्त्वाची होती. चालकांना तीनचाकीपेक्षा थोडीच महाग, पण महामार्गावर न डगमगणारी, जास्त ओझं घेणारी आणि त्याच गल्लीत वळणारी गाडी हवी होती.

किंमत आधी ठरली आणि गाडी त्या किमतीत बसवली गेली. सगळ्यात मोठी बचत इंजिनात झाली. इंडिका या टाटांच्या मोटारीचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन कंपनीकडे होतं. एससाठी त्याचं अर्धं, दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन तयार केलं. ताकद फक्त १६ अश्वशक्ती. पण यंत्रसामग्री, पुरवठादार, दुरुस्तीचं ज्ञान यांतलं बरंच काही तयारच होतं. लांबी ३.८ मीटर, रुंदी दीड मीटर, १२ इंची चाकं, कागदोपत्री भारक्षमता ७५० किलो. मे २००५ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा किंमत होती सव्वादोन लाखांच्या आसपास.

सोलापूरला ती का बसली

कारखान्याचा निर्णय मागणीच्या आकाराशी बांधलेला आहे, म्हणून इथे थोडं थांबू. मागणी कसली होती ते सोलापुरात जितकं नीट दिसतं तितकं मुंबईत दिसणार नाही.

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमधून चादर आणि टॉवेल निघतो. तो कुठे तरी शिवला, घडी घातला, बांधला जातो, मग चाटी गल्लीत किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातो. अंतर दोन-चार किलोमीटर, दिवसातून अनेक फेऱ्या, वाटेत कन्ना चौक किंवा मधला मारुती. या कामाला ४०७ मोठा पडतो आणि हातगाडी पुरत नाही. तीनचाकी चालते, पण गोदाम अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत असेल तर मोकळ्या रस्त्यावर तिचा जीव जातो.

दुसरं काम बाजार समितीचं. मोहोळ, बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडून कांदा येतो. पन्नास किलोच्या पिशव्या धरल्या तर ७५० किलोत पंधराच बसतात. पंधरा पिशव्या घेऊन कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. मालक गाडी घेतली की आधी पाटे (ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवतो, मग फाळक्याच्या वर दोन थर चढवतो. टॉवेलमध्ये हौदा आधी भरतो, कांद्यात पाटे आधी वाकतात. सोलापुरातल्या कोणत्याही जुन्या छोट्या हत्तीकडे मागून पाहिलं की त्याने आयुष्यात काय वाहिलं ते ओळखू येतं. कांद्याचं काम पुढे बरंचसं बोलेरो पिकअपने घेतलं. ते योग्यच झालं.

कायद्यानेही या गाडीला हात दिला, याकडे सहसा कोणी पाहत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एसचं भरलेलं वजन १५५० किलोच्या आसपास. म्हणजे परमिटच्या खिडकीचा प्रश्नच मिटला. हलक्या वाहनाच्या परवान्यावर अशी गाडी चालवता येते का, यावर मात्र विमा कंपन्या वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ७५०० किलोपर्यंत चालते असं सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अपघाताचा दावा अडकलेल्या मालकाला विचारा, हा निकाल त्याच्यासाठी किती मोठा होता.

परमिट नको, किंमत आवाक्यात, हप्त्यावर मिळते, गल्लीत वळते. सोलापूरसारखी शहरं देशात शेकड्यांनी आहेत. मागणी किती असेल याचा अंदाज कंपनीलाही पूर्ण आला नव्हता.

पिंपरीत जागा कमी पडली

सुरुवातीची क्षमता वर्षाला ३० हजार गाड्यांची होती. गाडी आधी मोजक्याच राज्यांत विकायला काढली, पुरवठा बघून पुढची राज्यं उघडली. तरी दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत एक लाख गाड्या गेल्या. आता प्रश्न साधा होता: पुण्यातच वाढायचं की दुसरीकडे नवा कारखाना?

पुण्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप होतं. कंपनीचा तिथला कारखाना १९६६ पासूनचा. भोसरी, चाकण, चिंचवडला ओतकाम, फोर्जिंग, प्रेसचं काम करणारे शेकडो पुरवठादार. कुशल फिटर, वेल्डर, टूलरूमवाले. दक्षिण आणि पश्चिमेचा मोठा बाजार जवळ, निर्यातीला मुंबईचं बंदर जवळ. अभियांत्रिकीच्या हिशोबाने पुणे सोडण्याचं कारणच नव्हतं.

करांचा हिशोब

कारण होतं करात. २००३ मध्ये केंद्राने उत्तरांचलसाठी (उत्तराखंड हे नाव नंतरचं) आणि हिमाचलसाठी औद्योगिक सवलतींचा गठ्ठा जाहीर केला. ठरवून दिलेल्या क्षेत्रातल्या नव्या कारखान्याला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ. प्राप्तिकरात पहिली पाच वर्षं पूर्ण सूट आणि पुढे ३० टक्के. रुद्रपूर-पंतनगर आणि हरिद्वारचा चेहरा त्यानंतर काही वर्षांत बदलला.

‘शुल्क माफ, म्हणून कारखाना गेला’ एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. खरी गंमत पुढच्या पायरीत आहे, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी ती कागदावर मांडून पाहावी. आकडे सोयीसाठी घेतो.

समजा गाडीची करपूर्व किंमत १०० रुपये. त्यातले ७० रुपयांचे भाग पुरवठादारांकडून आलेले. उत्पादन शुल्काचा तेव्हाचा सर्वसाधारण दर १६ टक्के. पुण्यात कंपनी गाडीवर १६ रुपये शुल्क लावणार, पण भागांवर आधीच भरलेले ११ रुपये २० पैसे तिला वजा मिळणार. म्हणजे स्वतःच्या हाताने भरायचे ४ रुपये ८० पैसे. ग्राहकाच्या किमतीत एकूण शुल्क १६ रुपये.

आता फक्त जोडणीचा कारखाना पंतनगरला नेला आणि भाग पुण्याहूनच मागवले तर? गाडीवर शुल्क शून्य. पण माफी घेतली की भागांवर भरलेल्या शुल्काची वजावटही मिळत नाही. ते ११ रुपये २० पैसे खर्चात जाऊन बसतात. वाचले फक्त ४ रुपये ८० पैसे, आणि त्यातून पुणे-पंतनगर ट्रकभाडं द्यायचं. एवढ्यासाठी कोणी घर हलवत नाही.

पुरवठादारही त्याच क्षेत्रात आले तर मात्र चित्र पालटतं. त्यांच्या भागांवरचं शुल्कही माफ होतं, आणि किमतीत उरतं ते पोलाद, रबर अशा बाहेरून येणाऱ्या कच्च्या मालावरचं. जितके पुरवठादार कुंपणाच्या आत, तितकी बचत १६ रुपयांच्या जवळ.

म्हणूनच पंतनगरच्या ९५३ एकरांपैकी ३३७ एकर पुरवठादारांच्या वसाहतीला दिलेले आहेत. हजारभर कोटींची गुंतवणूक आणि वर्षाला दोन लाखांहून अधिक गाड्यांची आखणी करून २००७ मध्ये कारखाना सुरू झाला, तो एस आणि तिच्या नात्यातल्या गाड्यांसाठीच. वेल्डिंग, रंगकाम, इंजिन, गिअरबॉक्स, जोडणी सगळं एका आवारात. भाग गोदामात साठवून ठेवण्याऐवजी शेजारच्या शेडमधून जोडणीच्या वेळेला आणता येतात, हा वरचा फायदा. ‘पुरवठादार जवळ असले की साठा कमी लागतो’ हे व्यवस्थापनाच्या पुस्तकातलं कारण खरं आहे, पण माझ्या मते इथे ते दुय्यम होतं. या वसाहतीचा पाया करकायद्याने घातला.

तोट्याची बाजूही होती. तयार गाडी दक्षिणेत पोहोचवण्याचं भाडं वाढलं. तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या त्या पट्ट्यात, कामगार शिकवून तयार करावे लागले. पुण्यातल्या पुरवठादाराला एका गिऱ्हाइकासाठी दीड हजार किलोमीटरवर दुसरं शेड टाकायचं, माणसं पाठवायची, कर्ज काढायचं. मोठ्यांना ते जमलं. लहानांनी काम सोडलं तरी कंपनीचं अडत नव्हतं, त्यांचं मात्र अडत होतं. सवलतीचा हिशोब मांडताना हा खर्च कोणाच्या वहीत पडतो, हे फारसं विचारलं जात नाही.

मोठ्या आवाराचा उपयोग

एका गाडीवर एवढं मोठं आवार उभं करणं धोक्याचं असतं. गाडी चालली नाही तर आवाराचं काय? तो धोका इथे वेगळ्याच वाटेने हलका झाला. २००७ मध्ये एसवरच बेतलेली प्रवासी गाडी मॅजिक आली. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडलं आणि तिथे बनायच्या नॅनो या छोट्या मोटारीला घर उरलं नाही. गुजरातमधल्या साणंदचा कारखाना २०१० मध्ये उघडेपर्यंत पहिल्या नॅनो पंतनगरमध्ये बनल्या. नॅनोच्या तुकडीचे प्रमुखही वाघच होते, हा योगायोग म्हणावा की नाही ते वाचकांनी ठरवावं.

दरम्यान स्पर्धक जागे झाले. महिंद्राची मॅक्झिमो २०१० मध्ये, अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये, जीतो २०१५ मध्ये, मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये. टाटांनीही धारवाडला छोट्या गाड्यांची जोडणी सुरू केली. सोलापूरहून विजापूरमार्गे धारवाड पंतनगरच्या तुलनेत अंगणातच म्हणायचं. त्याच सुमारास दुसरी अडचण आली. पहिल्या लाटेत कर्ज फार सैल हाताने वाटलं गेलं होतं. थोडे पैसे भरून गाडी घेतलेल्या पुष्कळांचे हप्ते थकले, वित्तकंपन्यांनी हात आखडला आणि २०१३ नंतर दोन-तीन वर्षं या वर्गातल्या गाड्यांची विक्री घसरली. एका स्टँडवर पाच गाड्या होत्या तिथे पंधरा झाल्या की भाडं कोणाचंच सुटत नाही. हे कोणत्याही टेम्पो स्टँडवर चहा पिताना कळलं असतं.

मुदत संपली, तरी कुलूप नाही

२००७ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची दहा वर्षांची शुल्कमाफी २०१७ मध्ये संपते. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि उत्पादन शुल्कमाफी ही कल्पनाच निकालात निघाली. ज्यांची मुदत शिल्लक होती त्यांना भरलेल्या केंद्रीय जीएसटीचा ५८ टक्के भाग परत देण्याची योजना आली. मुदत संपलेल्यांना काही नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कर असेल, तर या टप्प्यावर कारखाना पुण्याला परतायला हवा होता. परतला नाही. दहा वर्षांत ३३७ एकरांवर जे उभं राहिलं होतं ते करापेक्षा जड झालं होतं: पुरवठादारांच्या प्रेस, साचे, रंगाच्या टाक्या, शिकलेले कामगार, गिरवलेली पद्धत. पुण्यातल्या पुरवठादारांना पंतनगरने ज्या बळावर ओढलं, त्याच बळाने आता पंतनगर त्यांना सोडेना. सवलत देणाऱ्या सरकारने हे आधीच ओळखलं असेल तर त्याला दाद द्यायला हवी. पण हे प्रत्येक ठिकाणी घडलेलं नाही. सवलतीच्या काळात नुसती पॅकिंगची किंवा जोडणीची शेडं टाकलेले उद्योग उठून जाऊ शकतात, कारण त्यांच्या बुडाशी काही रुजलेलं नसतं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनाला नव्या धूरनियमांत बसवणं महाग पडतं, म्हणून एस गोल्डमध्ये ६९४ सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं. सीएनजी आली, २०२२ मध्ये विजेवरची एस जाहीर झाली. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोची सुरुवातीची किंमत ३.९९ लाख होती, आणि भारक्षमता पुन्हा तीच ७५० किलो. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तो मात्र देशभर सारखाच लागू झाला; कोणत्याही एका आवाराला त्यात जास्त माप नाही.

सोलापूरच्या वाट्याचं काम

गाडीचे भाग दोन जातींचे असतात. केबिनचा पत्रा, सीट, इंधनाची टाकी, हौदा, बंपर हे आकाराने मोठे, वजनाला हलके आणि किमतीने स्वस्त. ट्रकमध्ये हवाच जास्त जाते, म्हणून ते जोडणीच्या कारखान्याला चिकटून बनवावे लागतात. दुसरी जात लहान, जड, अचूक आणि महाग भागांची. त्यांचं भाडं किमतीच्या मानाने किरकोळ, त्यामुळे ते कुठेही बनवून कुठेही पाठवता येतात. पहिल्या जातीचा उद्योग मोठ्या प्रकल्पाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्या जातीला शेजारी प्रकल्प असण्याची गरज नाही.

सोलापुरात ही दुसरी जात आहे, आणि शहराला तिची जितकी जाणीव असायला हवी तितकी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनातले कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दांडे, बनवते. चिंचोळीला तिचा निर्यातीचा कारखाना आहे. इथलं ओतकाम परदेशातल्या नामांकित गाड्यांच्या इंजिनांत जाऊन फिरतं. त्यासाठी कुणी सोलापूरला गाडीचा कारखाना आणला नव्हता. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, २०१८ मध्ये तिने नेदरलँड्समधल्या विजेवरच्या गाड्यांच्या कंपनीत हिस्सा घेतला. विजेवरच्या गाडीला कॅमशाफ्ट लागतच नाही, तेव्हा ही खरेदी हौसेची नव्हती. पुढे ही कंपनी छोट्या मालवाहू गाड्यांचं इंजिन काढून त्या विजेवर करून देण्याच्या कामातही उतरली.

पंतनगर आणि सोलापूर पहिल्यांदा समोरासमोर येतात ते इथे. तिकडे नवी गाडी बनते. इकडे जुन्या गाडीचा हौदा, पाटे आणि केबिन ठेवून फक्त तिचं चालणं बदलायचं. हे कोणाला परवडेल याचा हिशोब सोलापुरातल्या गाड्यांवर करता येतो. टॉवेल-चादरीच्या गाठी वाहणारी गाडी दिवसभरात थोडंच अंतर तोडते, वजन बेताचं घेते, संध्याकाळी त्याच शेडमध्ये परत येते आणि रात्रभर तारेला लागू शकते. बॅटरीचं वजन धरूनही तिला काम निभावता येईल. कांदा वाहिलेल्या गाडीची चासी आधी तपासावी लागेल, आणि उमरग्याच्या पुढे माल घेऊन जाणाऱ्याला तर वाटेत चार्जिंगसाठी तास-दोन तास उभं राहणं आजच्या भाड्यात झेपणार नाही.